शोभाचा वरचा सूर

रविवार, संध्याकाळ

कॉलनीच्या कला महोत्सवाला आज शोभा आली. व्हॉट्सॲपवर कळलं म्हणून, थेट बोरिवलीहून. तिच्या लग्नाआधी आम्ही दोघी इथे मुलुंडला दरवर्षी जोडीने गायचो. आजही सगळ्यांनी आम्हाला स्टेजवर चढवलंच. मुखडा झकास झाला. तिचा वरचा सूर अजून तसाच, फक्त जरा कापरा. मग माइक बाजूला करून म्हणाली, "अंतरा आठवतोय का गं?" मलाही आठवेना. मुखडाच तीनदा गाऊन उतरलो. तो वरचा सूर अजून कानात आहे.

चहा घेताना मी विचारलं, "इतकी वर्षं का नाही आलीस?"

"तू बोलावलंस कधी?"

खरंच, का नाही बोलावलं? मला वाटायचं, ती संसारात रमली. आणि ती तिकडे दरवर्षी माझ्या फोनची वाट बघायची.