बार्शीच्या लग्नात वर गेलेला हात

पाचटाच्या जाळावर हलगी शेकली की कातडं ताणत जातं, आणि टिचकी मारली की कोरडा, उंच आवाज निघतो. तो मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा चौथीत होतो. गुरुजी फळ्यावर कविता लिहीत होते, बाहेर कुणीतरी हलगी शेकत होतं. दोन्ही एकत्रच पाठ झालं. आज आठवतं सगळं, पण आत काही हलत नाही.

तरी बुद्धी शाबूत आहे. म्हणून मी, सिद्राम मल्लप्पा कोरे, वय अडुसष्ट, धंदा बँडमास्तर, राहणार साखर पेठ, सोलापूर, कुणाच्या सांगण्यावरून वा धाकाने नव्हे, तर आपण होऊन लिहून ठेवतो की माझ्यामागे व्यवस्था अशी व्हावी.

कलम १. राहत्या दोन खोल्या पुतणी वच्छला हिला. तिनंच मला जेवू घातलं. शाळेतल्या कविता उतरवलेली वहीही तिलाच. निदान वर्षभर रद्दीत घालू नये.

कलम २. तुऱ्याची टोपी रावजी बँडवाल्याला. आमच्या गणवेशाची त्यानं हुबेहूब नक्कल केली, टोपी तेवढी साधली नव्हती. तिला कसर लागली आहे, हे आधी सांगू नये.

कलम ३. माझा मित्र आप्पा नायजेरियात कापडगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होता. १९७२ साली परतताना त्यानं सात रेकॉर्डी आणि मण्यांची जाळी चढवलेला, हलवला की खुळखुळणारा एक वाळका भोपळा आणला. रेकॉर्डींच्या पाकिटांवर ‘आफ्रोबीट’ असं छापलेलं. एकेक गाणं पंधरा मिनिटं चाले. आमचा हलगीवाला गुंडा ऐकून म्हणाला, “मास्तर, ही आपलीच हलगी की! दर्या वलांडून गेलेली.” महिन्याभरात क्लॅरिनेट, ट्रंपेट, संबळ, हलगी आणि तो भोपळा एका ठेक्यात आले. लोक ‘आफ्रिका पार्टी’ म्हणत. वरात चौकातनं पुढं सरकायची नाही. बसवलं सगळं गुंडानं, नाव माझं झालं. रेकॉर्डी व भोपळा गुंडाला.

कलम ४. सगळी वाद्यं आणि मास्तरकीही गुंडाला. वाजवणारे ऐकायचे नाहीत, कारण लग्न बिघडवणारा म्हणून त्याचं नाव झालं आहे. तेव्हा खरं लिहितो.

आमची रीत अशी की शेवटची मंगलाष्टका संपली की मास्तरनं हात वर करायचा, आणि पहिली थाप हलगीची. १९७४च्या वैशाखात बार्शीला एका अडत्याच्या मुलीचं लग्न होतं. तिसऱ्या मंगलाष्टकेला मी वृत्तातच हरवलो, पुन्हा चौथीच्या वर्गात बसल्यासारखा. ठेका धरायला हात आपोआप वर गेला. गुंडानं थाप दिली, बँड सुटला, मांडवभर अक्षता पडल्या. मुहूर्ताला अजून सहा मिनिटं होती.

नवरीचा मामा धावून आला. “कुणी वाजवाय सांगितलं रं?”

गुंडानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, “त्यालाच विचारा.”

मामानं त्याच्या थोबाडीत दिली. मांडवात हलगीवाल्याला दोष देणं सोपं असतं, हे मला ठाऊक होतं.

“तुमचा उंबरा पुन्हा चढणार न्हाय,” एवढं बोलून गुंडा गेला. कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात लागला. तेव्हापासून आम्ही सिनेमाची गाणी वाजवतो. मी हात वर करतो, खाली घेतो.

चूक माझी होती. माझ्या तेराव्याला हे कलम सगळ्या वाजवणाऱ्यांसमोर मोठ्यानं वाचावं.

कलम ५. मला नेताना काही वाजवू नये.

सोलापूर, दिनांक १४ फेब्रुवारी १९७७.
सही: सिद्राम मल्लप्पा कोरे
साक्षीदार १: रावसाहेब, कंपाउंडर, शेजारी. सही केली.
साक्षीदार २: रेवणप्पा शिंपी. येतो म्हणाला आहे.

ता. क. रेवणप्पा समजून दार उघडलं, तर गुंडा. हातात हळदीकुंकू लावलेली पत्रिका.

“थोरलीचं लगीन हाय, मास्तर. बँड आपलाच पायजे. आफ्रिकेचं लांबडं गाणं वाजवायचं.”

सही करून अजून बसलेल्या रावसाहेबांकडं मी कागद सरकवला. रावसाहेबांनी चौथं कलम त्याला वाचून दाखवलं.

“मला ठाव न्हाय व्हय?” गुंडा म्हणाला. “हात मीच बगितला की! पर हे तेराव्याला कशाला? तवा तुमी कुटं असणार? माज्या पोरीच्या मांडवात सांगा, समद्यांम्होरं, तुमच्या तोंडानं. आन् मंगलाष्टका चालू हायत तवर हात खिशात ठिवा.”

“बरं,” मी म्हणालो. “आत ये.”

“आदी मांडव. मग उंबरा.”

दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरीच ठेवतो. रेवणप्पाला निरोप धाडला आहे: सहीला येऊ नको, गणवेशाची मापं घ्यायला ये.