तात्यांच्या घरचा फोन

देवपूर. गुरुवार, १२ नोव्हेंबर १९९२

सांजच्याला सुनीलचा फोन आला, शेजारी तात्यांकडे. पिठाच्या हातानेच धावले. मी आत शिरले अन् तात्यांच्या बायकोने, अक्कांनी, टीव्ही बंद केला. मला नीट ऐकू यावं म्हणून! घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले.

तिकडे इंग्लंडात पोरगा रडत होता. "आई, हे अकाउंटचं शिक्षण मला झेपत नाही. कॉलेजात पाय टाकवत नाही. परत येऊ का?"

आणि मी काय बोलले? "हो का! पेपर चांगला गेला? बरं बरं." चांगलं मोठ्याने. त्याच्याकडून फोन कट.

दुसरं काय बोलणार? माझ्या संगीचं सावद्याचं स्थळ तात्यांनीच आणलंय, मुलीचा भाऊ विलायतेत शिकतो असं सांगून. सुपारी अजून फुटायचीय.

तात्या हसत म्हणाले, "काय म्हणस आपला साहेब? बठ्ठं बरं शे ना?"

"बठ्ठं बरं शे," सगळं ठीक म्हणून सांगितलं अन् उठले. उंबरा ओलांडत नाही तो टीव्ही सुरू.

मेला तो टीव्ही चालू असता तर हळूच "ये" म्हणाले असते. असते का? की संगीचं तोंड आठवून तेव्हाही पेपरच विचारला असता?

आपण फोन करावा तर त्याच्याकडे फोन नाही. रस्त्यावरच्या डब्यातून तोच करतो.

पुढच्या खेपेला दारातूनच ओरडेन, अक्का, टीव्ही राहू द्या. पण त्याने करायला हवा ना.