मारुतीला घातलेलं ऑलिव्ह तेल

आई,

पूजा आटोपल्यावरच हे वाचा. मी ऑफिसला निघालेय.

काल देवळातले गुजराती पुजारी भेटले. "बेन, तमारा बा तो दर शनिवारे मारुतीने मोंघुं लीलुं तेल चढावे छे," असं त्या महागड्या हिरव्या तेलाचं कौतुकाने सांगत होते. ऑलिव्ह तेलाची बाटली कशी संपते ते तेव्हा कळलं. मला वाटायचं, मुकुंदच्या पोटात जातंय.

त्याला स्टेंट बसवला तेव्हा डॉक्टरांनी मेडिटरेनियन डाएट तुमच्यासमोरच समजावलं होतं. हे तेल, भाज्या, कडधान्यं, मासे खायचे; तूप बंद. तुम्ही मान डोलावलीत आणि घरी येऊन पोरगं वाळलं म्हणत त्याच्या वरणात तूप सोडत राहिलात. त्याचं कोलेस्टेरॉल उतरेना म्हणून मी डॉक्टरांनाच बोलून आले.

मारुतीचं हृदय मात्र आता ठणठणीत असेल.

तुमची बॅग भरून दाराशी ठेवलीय. दुपारी कुणालभावोजी तुम्हाला तरसालीला त्यांच्या घरी न्यायला येतील. तिथे लिफ्ट नाही. तुमच्या गुडघ्यांचा विषय मी काढला नाही, नाहीतर ते नको म्हणाले असते. तुपाची बरणीही बॅगेत आहे.

मुकुंद ड्यूटीवरून यायच्या आत निघा. त्याला मी सांगितलंय की जायचा हट्ट तुम्हीच धरलात. त्याचा फोन आला तर तुम्हीही तेच सांगा, आणि हसून सांगा. त्याला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टर म्हणालेत. एवढं एक पथ्य तरी पाळा.

यशश्री