तू थांबतोस तिथून पुढे

प्रिय वॉशिंग्टन,

पार्सलात भाजलेल्या दोन कुई आहेत, कुरिअरच्या फॉर्मवर 'गिनीपिग' लिहाव्या लागल्या, सोललेल्या मक्याची पिशवी आहे, आणि तळाशी हे पाकीट आहे. आधी कुई खाऊन घे, मग वाच, म्हणजे निदान पोट तरी भरलेलं असेल. कुरिअरच्या बाईला विचारलं, खाण्याच्या पार्सलात पत्र चालेल का, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, अहो लिसार्दो, आता पत्र कोण लिहितं, फोन बिघडलाय का तुमचा? मी म्हटलं, फोन ठणठणीत आहे, मुलगा बिघडलाय. थट्टा केली रे. पण खरंच, फोनवर तू बापाला 'सगळं ठीक आहे, ताइता' म्हणतोस आणि त्यापुढे बोलायला मला काही सुचत नाही. हल्ली तर तेही नाही, नुसता अंगठा पाठवतोस. अंगठ्याशी किती बोलणार माणूस?

इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. मका बरा आलाय. समोरच्या तिन्ही घरांवर मुलांनी तिकडून, न्यूयॉर्कहून पैसे पाठवून आणखी एकेक मजला चढवला, काचेच्या खिडक्या बसवल्या, आणि त्या तिन्ही घरांत मिळून राहतं कोण, तर रोसेंदोचा कुत्रा. संध्याकाळी मी दाराशी बसतो तेव्हा तो गॅलरीतून माझ्यावर भुंकतो. भुंकेल बिचारा, त्यालाही बोलायला कोणी हवंच ना.

तुझी आतेबहीण नूबे मात्र येऊन जाऊन असते. शाळा सुटली की येते, माझं सूप पिते आणि मीठ कमी आहे म्हणून मलाच सुनावते. तुझ्या आईला जाऊन वर्ष झालं तेव्हा तिने पाहिलं की खोक्यात कॅसेटी तशाच पडून आहेत. तू तिकडे गेल्यावर पहिल्याच वर्षी कॅमेरा पाठवलास ना, तेव्हापासूनच्या सगळ्या. ती म्हणाली, मामा, बुरशी लागेल, मग रडत बसाल. तिनेच त्या क्वेन्का शहरात नेऊन उतरवून आणल्या, एक जुना संगणक आणला आणि त्यात एक कार्यक्रम बसवून दिला. त्याचं काम एकच, तुमच्याकडच्या सगळ्या फिल्मा नीट लावून ठेवायच्या. प्रत्येकीला नाव द्यायचं, साल लिहायचं, त्यात कोण कोण आहे ते लिहायचं. मग नाव दाबलं की त्या माणसाच्या सगळ्या फिल्मा समोर येतात. नूबे म्हणाली, चार दिवसांचं काम आहे. मी म्हटलं, घाई कोणाला आहे? मला ते पुरवून पुरवून करायचं होतं.

पण हे यंत्र परदेशी, त्याला आपली रीत काय ठाऊक. मी तुझं नाव पुरतं लिहिलं, वॉशिंग्टन गुआराका लोहानो. बापाचं आडनाव आधी, आईचं नंतर, कागदोपत्री असतं तसं. त्याला वाटलं शेवटचं तेच खरं आडनाव. त्याने तुला, तुझ्या बहिणीला, सगळ्यांना उचलून लोहानोंच्या घरात नेऊन बसवलं. तुझ्यासाठीचे निरोप लोहानोंचे, मारियेताचं लग्न लोहानोंचं. माझं एकच आडनाव लिहिलं होतं, म्हणून गुआराकांत मी एकटा उरलो. नूबे म्हणाली, बदलून देते. मी म्हटलं, राहू दे. तुझी आई होविता असती तर दिवसभर हसली असती. म्हणाली असती, बघ, शेवटी सगळा संसार माझ्या नावावर झाला, आणि तू राहिलास पाहुणा. चूक तशीच ठेवली आहे. तुझ्या आईला दाबलं की तुम्ही सगळे येता.

दुसरी गंमत म्हणजे तो प्रत्येक फिल्मेला आपल्याच मनाने त्या नावाच्या कुठल्या तरी सिनेमाचं चित्र चिकटवतो. मी नुसतं 'लग्न' लिहिलं की कोणी पिवळ्या केसांची बाई पिस्तूल घेऊन उभी. संत मिगेलच्या उत्सवाच्या फिल्मेवर त्याने राक्षस लावला. एकेक काढून तिथे आपल्या माणसांची चित्रं लावायची म्हणजे ती फिल्म पाहायला हवी, कुठे कोणाचा चेहरा बरा आला ते शोधायला हवं. असे माझे महिने गेले. आणि वॉशिंग्टन, प्रत्येक फिल्मेत तेच रे. मिरवणूक चाललीय, बँड वाजतोय, आणि मी कॅमेरा फिरवला की जो तो टोपी सावरून समोर येतो आणि तिकडच्या कोणाला तरी निरोप सांगतो. आपल्या गावात कॅमेऱ्याकडे पाहून कोणी नुसतं हसत नाही, त्याला समोर दूरचा मुलगाच दिसतो. तुझी आई तर कधी चुकली नाही. कोणाच्याही घरचं कार्य असो, ती मध्ये घुसून उभी राहायची. लेका वॉशिंग्टन, आम्ही बरे आहोत, तू जेवतोस का, आणि शेवटी ठरलेलं, कधी येतोस? म्हातारी मातीत गेल्यावर येणार का? बाकीच्या बायका डोळे पुसायच्या आणि मी कॅमेरा बँडकडे वळवायचो. आपण नावच चुकीचं ठेवलं, असं ती मला रात्रंदिवस म्हणायची. क्वेन्का नाव ठेवलं असतं तर पोरगा तासाभराच्या वाटेवर राहिला असता.

सगळं लावून झाल्यावर नूबेने ते तिकडून तुला पाहता येईल असं करून दिलं. तुला कळवलं, तू अंगठा पाठवलास. मला वाटलं, संपलं, हा काही पाहत नाही. आता एक सांगतो, त्याचा राग धरू नकोस. कोण काय पाहतंय ते इकडे मला दिसतं. तू फिल्म उघडलीस की कोपऱ्यात तुझं नाव येतं, आणि बंद केलीस की चित्राखाली एक बारीक रेघ राहते, कुठपर्यंत पाहिलं त्याची. नूबेने मला दाखवलं तेव्हा मी तिला म्हटलं, हे चोरून पाहिल्यासारखं होतं. ती म्हणाली, मामा, मग नका पाहू. मी पाहतो. दुसरं काय करू? घरात तेवढंच एक तुझं येतं.

तर तू पाहतोस. मारियेताचं लग्न नाही, उत्सव नाहीत, बाप्तिस्मे नाहीत. आईच्या अंत्ययात्रेची फिल्मही अजून उघडलेली नाहीस. तुम्हा लोकांना येता येत नाही म्हणून गावाने क्वेन्काचा माणूस बोलावून ती काढून घेतली होती. ती नाही पाहिलीस तरी चालेल, मीही ती पाहत नाही. तुला तिथून निघता आलं नाही, निघाला असतास तर कागदांवाचून तिकडे परत शिरता आलं नसतं, आणि तिकडे तुझी मुलं आहेत. हे मला कळतं. गावालाही कळतं. तुला एकट्यालाच ते कळत नाही असं मला वाटतं.

तू उघडतोस ती एकच. मी तिला 'स्वयंपाकघर' नाव दिलंय. तिच्यात काहीच घडत नाही. कॅमेऱ्यात नवी बॅटरी घातली होती, ती चालते का पाहायला काढलेली. आई चुलीपाशी बसून मका सोलतेय, गवतासाठी कुई ओरडतायत, मध्येच ती त्यांना शिव्या घालते. कार्य ना सण, म्हणून ती तुला कधी पाठवलीच नव्हती. त्यानंतर तिचं दुखणं सुरू झालं आणि मीही ती विसरलो. गेल्या रविवारी मी जेवत होतो आणि कोपऱ्यात तुझं नाव आलं. मी ताट घेऊन संगणकासमोर बसलो आणि तीच फिल्म इकडे लावली. तू तिकडे, मी इकडे, दोघेही तिला मका सोलताना पाहत बसलो. माझं जेवण गार झालं पण बरं वाटलं. किती दिवसांनी आपण दोघे एका ठिकाणी बसलो होतो. आणि मग ती शालीला हात पुसून कॅमेऱ्याकडे वळली, आणि तुझं नाव गेलं.

रेघ पाहिली तर तिथेच. दर वेळी तिथेच. ती तोंड उघडायच्या आधी तू बंद करतोस. आता ती विचारेल कधी येतोस, आणि उत्तर ऐकायला ती नाही, म्हणून ना? लेका, यात ती ते विचारत नाही. तू पाहणार नाहीस, म्हणून लिहून पाठवतोय. ती म्हणते, वॉशिंग्टन, तुझ्या खोलीत मी मका वाळत घातलाय. पलंग देऊन टाकला. आलास तर झोपशील कुठे? तेव्हा येऊ नकोस, आहेस तिथे नीट राहा, गरम जेव. मी चारचौघांत कधी येतोस म्हणून विचारते ते मनावर घेऊ नकोस, आईने विचारलं नाही तर लोक नावं ठेवतात. मग माझ्यावर खेकसते, बंद कर ते, दूध उतू चाललंय. एवढंच आहे तुझ्या रेघेपुढे. तिने कधीच मका वाळत घातला नव्हता. पलंग जागच्या जागी आहे, तिच्याच हातची चादर आहे त्यावर, आणि ती हे बोलली तेव्हाही तो होता. आयुष्यात खोटं बोलली ती एवढंच, तुझा जीव मोकळा व्हावा म्हणून. तिने तुला मोकळं केलं, मी तेवढ्या मोठ्या मनाचा नाही. मला फार एकटं वाटतं रे. यायचं मीही विचारत नाही. पण पुढच्या रविवारी ती फिल्म लाव, या वेळी बंद करू नकोस, दूध उतू जाईपर्यंत पाहा आणि लगेच मला फोन कर. मी इकडे तीच लावून बसलेला असेन.

तुझाच म्हातारा,
ताइता