अक्काचे उपास

मुक्काम प्रकाशे,
चैत्र वद्य ५, शके १८६३

चिरंजीव नवल यास अक्काचे पोटभर आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. तापीचं पाणी उतरलंय, वाळूत टरबुजं लागली आहेत. तुझी गाय व्याली का? वहिनीने काहीच कळवलं नाही.

तुझं पत्र पोचलं. आखाजीच्या सणाला मला माहेरी न्यायला मुऱ्हाळी म्हणून तू स्वतः गाडी घेऊन येतोस, हे वाचून बरं वाटलं. पण माझ्या उपासांसाठी तळोद्याच्या बाजारातून राजगिरा आणि खजूर आणून ठेवलास, ते मात्र पोरांना वाटून टाक. का, ते सांगायलाच लिहायला बसले आहे.

माघात आम्ही मुंबईला गेलो ते महालक्ष्मीच्या दर्शनाला, असं सासूबाईंनी गावभर सांगितलं. देवी राहिली बाजूला, तुझ्या दाजींनी मला इस्पितळात नेलं होतं.

पोट दुखायचं रे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सुरू झालं. दोन घास खाल्ले की बरगड्यांखाली कळ उठायची ती थेट पाठीत जायची. नाही खाल्लं तर ठीक. मग सोमवार धरला, गुरुवार धरला, चतुर्थी, एकादशी. उपास म्हटलं की कुणी आग्रह करत नाही आणि हिला काय झालंय असंही विचारत नाही. अंग वाळत गेलं तसं माझं तेज वाढलं म्हणे! नव्या नवऱ्या पाया पडायला येऊ लागल्या. सासूबाई सांगत फिरायच्या, "मन्ही सून म्हंजे जोगीण शे!" खोटं कशाला बोलू, मलाही ते गोड लागायचं. दुसरं काही गोड लागतच नव्हतं.

पौषात शेताच्या बांधावर गडबडा लोळले, ते दाजींनी पाहिलं. मग लपवायला काही उरलं नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी आधी काय विचारलं असेल? "बाई दारू पितात का?" असलं दुखणं बहुधा दारुड्यांना होतं म्हणे. दाजींचा चेहरा बघायला हवा होतास! मग यंत्राने पोटाचा फोटो काढला. जठरामागे स्वादुपिंड असतं, अन्न पचवणारा रस तिथून येतो. माझ्या त्या रसाच्या वाटेत खडे झाले होते, ज्वारीच्या दाण्यांसारखे पांढरे. पोट कापून ते काढले. फार भ्याले होते मी. परत आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "उपास नको मोडू, माय. गाव काय म्हणी?" मीही मान हलवली आणि भाकरी चुलीमागे बसून खात राहिले. बरी झाले तरी चोरूनच जेवायचं!

पुनवेला मारुतीच्या जयंतीचा भंडारा झाला. शेजारच्या दगूबाई नव्या सुनेला घेऊन माझ्या पायाशी आल्या. समोर वरण-बट्टीचा वास सुटलेला आणि मला भूक लागलेली, नवल, खरी भूक. मी म्हटलं, "जराशी सरक माय, माले जेवाले बसनं शे."

बायांचे हात थांबले. सासूबाई तुपाची वाटी घेऊन वाढत होत्या. आता भडकतील म्हणून मी खाली बघत राहिले. त्या माझ्यापाशी आल्या, बट्टी फोडून ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तूप नही टाकस मी. डाक्तरनी सांगेल शे ना?"

मला रडू आलं. रडत रडत दीड बट्टी खाल्ली.

आता एक राहिलं. दोन-तीन खडे फार आत आहेत, ते निघाले नाहीत. डॉक्टर म्हणाले, कळ पुन्हा येईल, कदाचित वरचेवर येईल. गेल्या आठवड्यात एकदा येऊनही गेली. पण मधले दिवस माझे आहेत, ते मी जेवून काढणार.

तेव्हा वहिनीला सांग, आखाजीला माझं ताट सगळ्यांसोबत मांड, तूप तेवढं नको. आणि ताटावर बसल्या बसल्या कळ आलीच, तर यंदा मी "उपास आहे" म्हणून उठणार नाही, "दुखतंय" म्हणेन. तू घाबरून वैद्याकडे धावू नकोस. जवळ बस.

वाट पाहते.

तुझी भुकेली बहीण,
गुलाब