अक्का मेंढरं मोजत नाही

५ जानेवारी
आयचा फोन. अक्का अजून तसंच करते म्हणे. सांजचं मेंढरं जाळीच्या वाघरीत शिरताना तोंडाशी उभी राहते आणि जे आलं नाही त्याचं नाव घेते. भुरी न्हाय. शिंगी न्हाय. सगळी आत आली तरी शेवटी माझं नाव घेते, म्हादा न्हाय.
मी सोलापूरला येऊन दीड वर्ष झालं. आय हसत होती. मला हसू आलं नाही. भाकरी तशीच ठेवली.

९ जाने.
कारखान्यात टॉवेलच्या गाठोड्यांवर बसून डबा. व्यंकटेश, शेजारच्या मागावरचा, त्याला अक्काचं सांगितलं. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. दिवसाला चार शब्द. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून रानात. नवं लुगडं अंगाला लावू देत नाही. मेंढरू मात्र तोंडावरून ओळखते, कालचं कोकरू असलं तरी.
तो म्हणाला, त्याच्या गल्लीत अशा मोठ्या पोरापोरींची शाळा आहे, पिशव्या शिवायला शिकवतात, राहायची सोय आहे. "आण की इकडं. तुलाबी आपलं माणूस होईल."
लई वेळ तेच डोक्यात.

१२ जाने.
शाळेत जाऊन आलो. मॅडम चांगल्या. म्हणाल्या, ऑटिझम असावा, स्वमग्नता. "आजार नाही हं. मेंदूची घडणच वेगळी."
मग घ्या की तिला.
"त्याला अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं."
म्हटलं, आजार नाही तर अपंग कशी?
मॅडम म्हणाल्या, "तुमच्या माळावर नसेलही. इथल्या रस्त्यावर असेल."
पटलं पण आणि नाही पण.

१३ जाने.
आबांना फोन. भडकले. "माझ्या लेकीत खोट न्हाय. सोभाव हाय तिचा. तुझं बूड एका जागी टिकत न्हाय, तुझा काडला का कागुद आमी?"
मग आयनं फोन घेतला. हळू बोलली. "आमच्या मागं कोन बगनार तिला? ने बाबा."
दोघांचंही खरं. मला काय पाहिजे ते मी दोघांनाही सांगितलं नाही.

२७ जाने.
दोन एसट्या बदलून अक्काला आणलं. गर्दीत ती माझ्या शर्टाचं टोक धरते, लहानपणापासून. स्टँडवर टोक इतकं ओढलं की बटण तुटलं. बरं वाटलं. रात्री खोलीत कुणीतरी श्वास घेतंय.

२८ जाने.
तपासणीचा कॅम्प. माइक सारखा चालू, अक्का कान दाबून भिंतीकडं तोंड करून. दोन तास. डॉक्टर शांत माणूस. मणी ओवायला दिले, ओवले. नाव विचारलं, नाही सांगितलं. मग एक चित्र पुढं केलं. हिरवं रान, मेंढ्या. "यात किती मेंढ्या?"
अक्कानं चित्रावर तळवा ठेवला. झाकून टाकलं.
"मोजता येत नाही का यांना?" मला विचारलं.
आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. मोजली की कमी होतात. कुणी किती विचारलंच तर, हायत की धा-ईस. एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण अपंगत्वाचे टक्के कमी पडले तर कागद बाद, कागद बाद तर शाळा नाही, आणि मी परत एकटा.
म्हटलं, नाही येत.
डॉक्टरांनी लिहिलं. अक्कानं तळवा उचलला आणि चित्र माझ्याकडं सरकवलं. उलटं करून.

२९ जाने.
कागद यायला वेळ लागणार, म्हणून अक्काला गावी सोडून आलो. जाताना तिनं पुढच्या सीटचा दांडा धरला होता. शर्ट नाही.

३ फेब्रु.
व्यंकटेशला सांगितलं. "खोटं काय त्यात? माइकला घाबरली ना? रस्ता एकटीला ओलांडता येतो?"
नाही.
"मग? डॉक्टर काय खुळा आहे?"
घाबरली ते खरं. मोजता येत नाही ते खोटं. दोन्ही एकाच कागदावर. आज दोनदा धागा तुटलेला दिसला नाही, मालक ओरडला.

१८ फेब्रु.
सर्टिफिकेट झालं. शाळेचा फॉर्म पण आणला. शनिवार शेवटचा दिवस. त्यात दोन रकाने. काय येतं, काय येत नाही. दुसरा लगेच भरला. पहिल्यात लिहिलं, कोण नाही ते कळतं. खोडलं. परत लिहिलं.

२१ फेब्रु., शुक्र.
सुट्टी टाकली. संध्याकाळी आबांना फोन केला. मेंढरं यायची वेळ.
म्हणाले, "एक सांगू का म्हादा. तू तिला हितं परत आनून सोडल्यापासनं तुझं नाव घ्याचं बंद केलंय तिनं. सगळी आत गेली की गप आत जाती."
मग मी चित्राचं सांगितलं. सगळं. आबांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.
म्हणाले, "तिला इचारलंस का, येती का म्हनून?"
नाही.
"आमी बी न्हाय इचारलं. थांब."
फोन चालूच ठेवून गेले. घंटा ऐकू येतायत. पुढची मेंढरं शिरतायत बहुतेक. आबा लांबून काहीतरी बोलतायत तिच्याशी, शब्द कळत नाहीत.
डाव्या हातानं फोन धरलाय, उजव्यानं हे लिहितोय. फॉर्म मांडीवर.
घंटा कमी झाल्या. शेवटची आत गेली असतील. आता ती नाव घेते का, ऐकतोय.