टोपी म्हणजे कुठली टोपी

प्रिय आप्पा,

पेपरच्या ऑफिसातून निरोप आलाय, 'उन्हाळ्याची चौकट सहापर्यंत द्या.' उन्हात काय घालावं, काय प्यावं, त्या सूचनांची चौकट. दर मार्चला हा निरोप येतो. मी मागच्या वर्षीची फाईल उघडते, दोन शब्द इकडचे तिकडे करते आणि पाठवून देते. आज तिसऱ्या ओळीवर हात थांबला. 'उन्हात जाताना टोपी घालावी.' तुम्ही जाऊन आठ महिने झाले. चौकटीआधी तुम्हाला लिहावं असं वाटलं.

ही ओळ माझी, आप्पा. तुम्ही ती कात्रीनं कापून आरशाच्या कडेला खोचली होती. मांडवगणच्या घरी येईल त्याला दाखवायचात. "आमच्या लेकीनं, छायानं लिव्हलंय, टोपी घाला. म्या तर घालतोच."

घालतच होता. तुमची कातडी जन्मापासून पांढरी, भुवयाही पांढऱ्या, उन्हात डोळे उघडायचे नाहीत. शाळेत पोरं 'इंग्रज आला' म्हणून मागं लागायची. म्हणून दहाव्या वर्षी तुम्ही गांधी टोपी चढवलीत, ती कायमची. गांधी टोपीवाला माणूस इंग्रज कसा असेल? उसाला पाणी देताना तीच, लग्नात तीच. इस्त्रीची, टोकदार. आणि दोन्ही कान उघडे ठेवणारी. हे मला तेव्हा का दिसलं नाही?

शिरूरच्या डॉक्टरांना गालावरचे डाग दाखवायला गेलो होतो, आठवतं? तपासताना टोपी तुम्ही घडी करून खिशात ठेवली होती. ते म्हणाले, "आबा, तुमच्या कातडीला ऊन सोसत नाही. पुढं कॅन्सरची भीती. टोपी घालत जा."

बाहेर येऊन तुम्ही खिशातून टोपी काढलीत, झटकलीत, डोक्यावर ठेवलीत. "डॉक्टर नवा हाय. म्या काय बोडका आलतो व्हय?"

मी हसले, आप्पा. शब्दांवर पोट भरणारी मी. परत आत जाऊन 'डॉक्टर, टोपी म्हणजे कुठली?' एवढंच विचारायचं होतं. किती पावलं होती?

डाव्या कानाची जखम उसाच्या पात्यानं झालीय, असं तुम्ही वर्षभर म्हणत राहिलात. मग पुण्यात तो कॅन्सर निघाला, कानाचा वरचा भाग काढला. तिथल्या डॉक्टरांनी कपाटातून रुंद काठाची कापडी टोपी काढून तुमच्या डोक्यावर ठेवली. "ही. ही घालायला हवी होती."

तुम्ही आरशात पाहिलंत. "ही हॅट हाय, डॉक्टर. तोंडानं टोपी म्हनायचं आन् मनात हॅट ठिवायची, मानसाला कळावं कसं?"

माझ्याकडे तुम्ही पाहिलंही नाही. पाहिलं असतंत तर बरं झालं असतं.

दौंडच्या बाजारातून मी तशीच हॅट आणली. तुम्ही खुंटीला लावलीत. "ही घालू गावात? जल्म गेला इंग्रज न्हाई म्हनून सांगन्यात." मी तुम्हाला हट्टी म्हणाले. टोपीवरून उपरणं घ्या, कान झाकतील, हे साधं मला सुचलं नाही.

मग एका सकाळी तुम्ही आपणहून ती घातलीत. शेजारच्या रानातले रशीदमामा बांधावर थांबले. "साहेब, आज पाण्याची पाळी कुनाची?"

"थांब, विलायतेला राणीला इचारून सांगतो."

दोघं खोकला लागेपर्यंत हसलात. तेव्हा गाठ मानेपर्यंत उतरली होती.

तुम्हाला भर दुपारी नेलं. रीतीप्रमाणं नवी पांढरी टोपी घातली होती. एक कान आख्खा, एक अर्धा, दोन्ही उन्हात. मी वर पदर धरला. आत्या म्हणाली, "आता कशाला गं?" मी हात खाली घेतला नाही.

आता डेमू गाडीनं पुण्याला जाताना म्हाताऱ्या माणसांसमोर बसवत नाही. खिडकीतून ऊन येतं, आणि पांढऱ्या टोपीखाली कान लाल, आरपार दिसतात. त्यांच्याही आरशाला माझी ओळ खोचलेली असेल का?

परवा तुमची हॅट घालून मी रानात गेले. लांबून बघून रशीदमामा उठून उभे राहिले. मग मी जवळ आले, तसे खाली बसले.

मघाशी मी नवी ओळ पाठवली. 'टोपीला चारही बाजूंनी चार बोटं काठ हवा. कान आणि मान सावलीत राहावी. गांधी टोपी असेल तर वरून उपरणं घेऊन कान झाकावेत.' लगेच फोन आला. "मॅडम, लांब होतंय. टोपी म्हटलं की कळतं लोकांना."

"नाही कळत," मी म्हणाले. "जागा हवी तर लिंबू सरबताची ओळ काढा."

चौकट माझ्याकडे आहे तोवर ही ओळ मी कुणाला कापू देणार नाही, आप्पा. आणि कुणी नुसतं 'टोपी' म्हणालं, तर न हसता आधी विचारीन, कुठली.

तुमची,
छाया